सुताला रंग धरतो कसा?

भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या विसर्जनाच्या दिवशी आमच्याकडे पुसदला सकाळी आधी सुताची लडी निघते. पांढऱ्या सुताचे सोळा पदर एकत्र करायचे, त्यांना सोळा गाठी पाडायच्या, दोरा हळदीच्या पाण्यात बुडवून काढायचा आणि पूजा झाली की घरच्या सुवासिनींनी तो गळ्यात घालायचा. पहिल्या दिवशी हा दोरा इतका पिवळाधमक असतो की मानेवरही पिवळी रेघ उमटते. आठवड्याने तोच दोरा नीट बघा. ब्लाउजच्या आत झाकलेला भाग अजून पिवळा असतो, मानेवर उघडा राहिलेला मात्र ताकासारखा फिका झालेला असतो.

त्याच सणाच्या जेवणात वाढताना एखाद्याच्या पांढऱ्या शर्टावर वरणाचा थेंब उडतो. तीनदा घासला तरी तो डाग जात नाही. उलट साबण लागताच लाल होऊन आणखी डोळ्यांत भरतो. म्हणजे दोऱ्यावर राहावी असे वाटते ती हळद राहत नाही आणि शर्टावरून जावी असे वाटते ती जात नाही. हळद तीच, कापूसही तोच. मग हा दुजाभाव कशाचा?

दोन वर्षांपूर्वी मी क्रोशाचे पांढरे सुती सूत घरीच, गॅसवर रंगवायचा नाद लावून घेतला आणि या प्रश्नाच्या मागे लागले. कांद्याची फोलपटे, डाळिंबाच्या साली, चहाचा चोथा, पानाच्या डब्यातला कात, हाताला लागेल ते पातेल्यात गेले. निम्मे बिघडले. रंग देणाऱ्या वस्तू स्वयंपाकघरात पैशाला पासरी आहेत. सुताला धरून राहणाऱ्या त्यातल्या मोजक्याच, आणि धरून ठेवण्याचे काम बहुतेक वेळा रंग करतच नाही, तिसराच कोणी करतो.

हळद चिकटते, पण उन्हात तगत नाही

आधी हळदीचे बघू. पुसदपासून उमरखेड, महागाव आणि पुढे हिंगोली-वसमतपर्यंत हा सगळा हळदीचा पट्टा. हळदीचा पिवळेपणा येतो कर्क्युमिन नावाच्या पदार्थामुळे. साध्या हळदीत तो साधारण 2 ते 5 टक्के असतो. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीत, जिला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे प्रमाण यापेक्षा जास्त असते.

कर्क्युमिनचा रेणू लांब आणि चपटा असतो. कापसाचा धागा म्हणजे सेल्युलोज नावाच्या पदार्थाच्या लांबच लांब साखळ्यांचा जुडगा, केरसुणीच्या काड्या बांधाव्यात तसा. केरसुणीत एखादे लांब पाते सरकून अडकले की झटकून निघत नाही. कर्क्युमिनही असेच साखळ्यांच्या कडेला चपटे लागून बसते. शिवाय ते तेलात सहज विरघळते आणि पाण्यात जवळजवळ नाही. फोडणीत हळद टाकताच तेल पिवळे होते, पण पेलाभर गार पाण्यात टाकली की बरीचशी तळाशी जाऊन बसते, ते यामुळेच. मग नळाखाली कितीही चोळा, पाणी तिला ओढून नेणार कसे?

तिचे मर्म उन्हात आहे. कर्क्युमिनच्या रेणूत एकाआड एक दुहेरी बंधांची साखळी असते. ही साखळी उजेडातला निळा-जांभळा भाग शोषून घेते आणि उरलेला उजेड आपल्याला पिवळा दिसतो. पण शोषलेली ती ऊर्जा जाणार कुठे? बराच वेळ ऊन लागत राहिले की साखळी मध्येच तुटते, आणि तुटलेल्या तुकड्यांना रंग नसतो. उन्हात वाळवल्याने हळदीचा डाग निघत नाही, जागच्या जागी मोडतो. हळदीचा डाग धुऊन ओला असतानाच उन्हात टाक, असे घरातल्या जुन्या बायका सांगतात ते याचसाठी. शर्ट उलटा करून सावलीत वाळवतात म्हणून डाग राहतो. दोरा गळ्यात उन्हातान्हात फिरतो म्हणून विटतो.

साबणाने डाग लाल का होतो, तेही इथेच सांगून टाकते. साबण, सोडा, चुना ही सगळी अल्कधर्मी मंडळी. त्यांच्या संगतीत कर्क्युमिनच्या रेणूची ठेवण बदलते आणि तो वेगळा उजेड शोषू लागतो. वरून लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. कुंकवाची गोष्ट थोडी निराळी आहे. जुन्या पद्धतीच्या कुंकवात हळकुंडांना टाकणखार आणि लिंबाचा रस देतात. त्या टाकणखारातले बोरॉन कर्क्युमिनला धरून बसते, म्हणून कुंकू लिंबाच्या आंबटपणातही लालच राहते.

बिटाने केलेली फजिती

हळदीनंतर मी बिटाच्या वाटेला गेले. नवशिके सगळे जातात. बीट चिरताना हात रंगतात, पाट रंगतो, ओटा रंगतो. सुताला तर काय भरभरून रंग येईल! अर्धा किलो बीट किसून उकळले, लडी टाकली, रात्रभर ठेवली. सकाळी राणी रंगाची लडी बाहेर काढताना मी अगदी हरखले होते. धुवायला घेतली तर बादलीतले पाणी गुलाबी, मग आणखी गुलाबी, आणि लडी हळूहळू मळक्या बनियनच्या रंगावर आली. सासूबाई ओट्यापाशीच उभ्या होत्या. म्हणाल्या, "बाई, सूत तर पांढरं ते पांढरंच राहिलं, बिटाचं सार तेवढं फुकट गेलं."

बिटाचा रंग बेटालेन गटातला. लाल माठाचाही तोच. हे रंग पाण्यात इतके मजेत विरघळतात की धाग्यापाशी थांबायचे त्यांना कारणच उरत नाही. त्यातून उष्णता सोसत नाही, उकळले की तपकिरी पडतात. जांभूळ, जांभळा कोबी, जास्वंद यांचे रंग निराळ्या गटातले, पण स्वभावाने तसेच चंचल. लिंबाने लाल, सोड्याने निळे-हिरवे, आठवडाभर उन्हात ठेवले की राखाडी. शाळेच्या प्रयोगाला उत्तम, सुताला निरुपयोगी. पदार्थाने हात रंगतात म्हणजे सूत रंगेल हा समज पहिल्या बिटातच सोडून द्यावा.

"मीठ आणि व्हिनेगर टाका, रंग पक्का होतो," असा सल्ला पुष्कळ जण देतात. काही कारखानी रंगांना सुतावर जास्त चढवायला मीठ खरेच मदत करते, व्हिनेगर लोकरीच्या रंगकामात उपयोगी पडते. पण सुतावर बसवलेल्या बिटाला यातले काहीही थांबवू शकत नाही.

सोयरीक जुळवणारी तुरटी

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आले की आपण त्यात तुरटीचा खडा फिरवतो. मातीचे बारीक कण एकमेकांना दूर लोटत तरंगत असतात. तुरटीतल्या ॲल्युमिनियमवर उलटा विद्युतभार असतो, तो त्यांचे भांडण मिटवतो, कण एकत्र येतात आणि तळाशी बसतात. रंगकामात तुरटी नेमके हेच करते, फक्त मातीऐवजी तिच्या एका हाताला धागा असतो आणि दुसऱ्या हाताला रंग.

दोन घरांची आपसात ओळख नाही, पण दोघांच्या ओळखीचा एक माणूस आहे. तो मध्ये पडला की सोयरीक जुळते. रंगकामात या मध्यस्थाला रंगबंधक म्हणतात. कांद्याच्या फोलपटातल्या रंगद्रव्याला, क्वेरसेटीनला, शेजारीशेजारी ऑक्सिजनच्या जागा असतात. त्या दोन जागांनी ते ॲल्युमिनियमला खेकड्याच्या नांगीसारखे पकडते. रसायनशास्त्रात अशा पकडीला जे नाव आहे ते ग्रीक भाषेतल्या नांगीवरूनच आले आहे.

ही पकड बसली की आणखी एक गोष्ट घडते. रंग आणि धातू मिळून जो पदार्थ तयार होतो तो पाण्यात विरघळत नाही, आणि तो तयार होतो धाग्याच्या आत. सुतार लाकडी कपाटाचे सुटे भाग दारातून खोलीत नेतो आणि आतच जोडतो. नंतर खोली रिकामी करायची वेळ आली की कपाट दारातून निघत नाही. पक्का रंग म्हणजे असे आत जोडलेले कपाट. कापडाच्या दुकानात आपण "रंग जाणार तर नाही ना?" असे विचारतो, तेव्हा कपाट आत जोडले आहे की नुसते दाराशी टेकवून ठेवले आहे, एवढेच विचारत असतो.

कापूस लोकरीसारखा नाही

इथे एक अडचण आहे, आणि परदेशी पुस्तकांतून किंवा व्हिडिओंतून शिकणाऱ्यांचे सूत बहुतेक वेळा तिथेच बिघडते. त्या कृती लोकरीच्या असतात. लोकर आणि रेशीम ही प्रथिने. त्यांच्यात विद्युतभार असलेल्या भरपूर जागा असतात आणि तुरटी थेट जाऊन बसते. कापूस म्हणजे सेल्युलोज. तिथे तुरटीला टेकायला जागा फार थोडी. तुरटीच्या पाण्यात रात्रभर ठेवलेले कोरे सुती सूत धुतले की बरीचशी तुरटी वाहून जाते.

आमचा यवतमाळ जिल्हा वऱ्हाडातला, कापसाचा. 1853 साली इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड ताब्यात घेतला, त्यामागे याच कापसावरचा डोळा होता. तेव्हा इथे बसून लोकरीच्या कृती गिरवण्यात काय हशील? कापसावरचा उपाय आपल्याकडच्या रंगाऱ्यांना फार पूर्वी सापडला होता. तो म्हणजे हिरडा. हिरड्यात, डाळिंबाच्या सालीत, बाभळीच्या शेंगांत टॅनिन नावाचा तुरट पदार्थ असतो. कच्चे केळे खाल्ल्यावर जीभ ओढली जाते ते यानेच. टॅनिनला कापूसही धरता येतो आणि ॲल्युमिनियमही. म्हणून सूत आधी हिरड्याच्या पाण्यात, मग तुरटीच्या पाण्यात आणि शेवटी रंगात. मध्यस्थाच्याही आधी एक मध्यस्थ लागतो, असे म्हणा.

त्याही आधीची एक पायरी लोक कंटाळून गाळतात आणि तिथेच फसतात. ती म्हणजे सूत धुणे. कच्च्या सुतावर कापसाचे नैसर्गिक मेण असते. नवी लडी पाण्यात टाकून बघा, ती बदकासारखी तरंगत राहते. दाबली तरी वर येते, मधल्या पदरांत हवेचे बुडबुडे चमकतात. तिला धुण्याच्या सोड्यात तासभर उकळा. पातेल्यातले पाणी कोऱ्या चहासारखे तपकिरी होईल. पांढऱ्याशुभ्र दिसणाऱ्या सुतातून एवढे काय निघाले, असा धक्का मला पहिल्या वेळी बसला होता. आता लडी वाळवून पुन्हा पाण्यावर सोडली की दगडासारखी तळाशी जाते. ती बुडत नाही तोवर पुढचे काही करू नये. मेणावर रंग बसत नाही, ठिपके तेवढे पडतात.

कांद्याची फोलपटे

स्वयंपाकघरातला माझा सगळ्यात भरवशाचा रंग म्हणजे कांद्याचे वरचे सुके फोलपट. फुकट मिळते, वर्षभर मिळते, आणि गॅसवर दहा मिनिटांत पाण्याला रंग देते. अडचण वजनाची. 100 ग्रॅम सुताला निदान 50 ग्रॅम फोलपटे लागतात आणि 50 ग्रॅम म्हणजे चांगली टम्म फुगलेली पिशवी. घरच्या कांद्यांवर महिनाभर लागेल. म्हणून मी भाजीबाजारात एका कांदेवालीच्या पोत्याच्या तळाशी साचलेली फोलपटे मागायला गेले. तिने आधी माझ्याकडे आणि मग शेजारणीकडे पाहिले. "काहो ताई, कांदे नाही नेत अन् फोलपटं नेता?" पुढच्या खेपेला तिला त्याच रंगाचा एक छोटा रुमाल विणून दिला. तेव्हापासून ती पोते झटकून फोलपटे वेगळी ठेवते.

तुरटी दिलेल्या सुतावर या फोलपटांचा रंग जर्द पिवळ्यापासून तांबूस सोनेरीपर्यंत कुठेही येतो. लाल कांदा जास्त असेल तर तपकिरी झाक. याच सुताला नंतर लोखंडाचा किंचित स्पर्श झाला की तोच रंग शेवाळी हिरवा होतो. एकाच पातेल्यातल्या दोन लड्या, एक सोनेरी आणि एक हिरवी, शेजारीशेजारी वाळताना पाहिल्या की रंग फोलपटात होता की धातूत, असा प्रश्न पडतो. तो दोघांच्या जोडीत असतो.

लोखंडी विळीवरचा काळा

विळीवर आवळा किंवा कच्चे केळे चिरले की पाते काळे पडते, बोटेही. ही पात्यातल्या लोखंडाची आणि फळातल्या टॅनिनची जोडी. पूर्वीची काळी शाई याच जोडीची होती. युरोपात कित्येक शतके लिखाण तिनेच झाले. सुतावरही काळ्या-करड्या छटा अशाच आणतात. हिरडा किंवा डाळिंबाची साल दिलेले सूत लोखंडाच्या पाण्यात घातले की डोळ्यांदेखत काळवंडते, दोन-तीन मिनिटांत. चहाच्या चोथ्याचेही तेच. एरवी नुसता मळकट बदामी येणारा चहा लोखंडाने छान करडा होतो.

लोखंडाचे पाणी दोन प्रकारे करता येते. गंजलेले खिळे, गूळ आणि पाणी बरणीत पंधरवडाभर आंबू द्यायचे. हाताने कापड रंगवणारे जुने कारागीर असेच करत आले आहेत. नाहीतर दुकानातून हिराकस आणायचा. मात्र इथे हात आखडता हवा, हे मी पैसे मोजून शिकले. गडद काळा यावा म्हणून 100 ग्रॅम सुताला चांगला चमचाभर हिराकस टाकला. रंग झकास आला. त्या सुताचा टेबलमॅट विणला. सहा-सात महिन्यांनी त्यातले नेमके काळे टाके तटातट तुटू लागले, बाकीचे रंग शाबूत. लोखंड हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने सेल्युलोजच्या साखळ्या हळूहळू कापत राहते. जुन्या युरोपीय हस्तलिखितांत शाईने कागद खाल्ल्याची छिद्रे दिसतात, त्याचेही हे एक कारण. 100 ग्रॅमला 1 ते 2 ग्रॅम हिराकस पुरे.

यावरून भांड्यांचे. लोखंडी कढईत रंग उकळला तर सगळेच मळकट होते, ॲल्युमिनियम आणि तांब्या-पितळेची भांडीही रंगात लुडबुड करतात. स्टीलचे पातेले घ्यावे आणि ते पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये. पाण्याचेही असेच. बोअरच्या ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही ते जड पाणी छटा फिरवते. पिवळ्याला तांबूस ओढ लागते, साबणाचे चिकट थर बसतात. मी पावसाळ्यात पत्र्यावरून पडणारे पाणी धरते, पहिल्या दोन पावसांचे सोडून.

पानाच्या डब्यातला कात

नुसत्या विड्याच्या पानाला चुना लावून चावले तर तोंड लाल होत नाही, नुसत्या कातानेही फारसे नाही. दोन्ही एकत्र आले की होते. कात म्हणजे खैराच्या गाभ्याचा आटवलेला काढा. चुन्यासारख्या अल्कधर्मी पदार्थाच्या संगतीत आणि हवेत त्यातले घटक एकमेकांना जोडले जाऊन लालसर तपकिरी, न विरघळणारे मोठे रेणू तयार होतात. पुन्हा ते आतले कपाट. सरकारी इमारतींच्या जिन्यांचे कोपरे धुऊनही तसेच का राहतात, याचे शास्त्रीय उत्तर हेच.

सुताला मात्र हा गुण वरदान आहे. 100 ग्रॅम सुताला 25-30 ग्रॅम कात गरम पाण्यात विरघळवून त्यात लडी दोन तास ठेवायची. मग पिळून चुन्याच्या निवळीतून एकदा काढायची आणि हवेवर सुकवायची. सुकताना रंग गडद होत जातो. हा तपकिरी पाण्याला आणि उन्हाला दोघांनाही चांगले तोंड देतो. नायलॉन येण्याआधी सुती मासेमारी जाळी टिकावी म्हणून अशाच तुरट काढ्यांत बुडवत असत.

स्वयंपाकघराबाहेर दोन पावलांवरही रंग आहेतच. फाल्गुनात आमच्याकडचे माळ पळसाने पेटतात आणि धुळवडीला फुले उकळून केशरी पाणी करतात. सुतावर त्याचा गोड पिवळा येतो, पण उन्हाची गाठ पडली की हळदीच्याच वाटेने जातो. सागाचे कोवळे पान तळहातावर चोळून लाल करण्याचा खेळ यवतमाळ जिल्ह्यातल्या प्रत्येक पोराने खेळलेला असतो. त्या पानांचा रंग मी अजून सुतावर नीट उतरवू शकलेले नाही.

---

चौकट: 100 ग्रॅम सुती सुताला कांद्याचा रंग

*सूत धुणे:* लडीला तीन-चार ठिकाणी आठच्या आकड्यासारख्या सैल गाठी मारा, म्हणजे गुंता होणार नाही. 4 लिटर पाण्यात 1 चहाचा चमचा धुण्याचा सोडा घालून तासभर उकळा, स्वच्छ धुवा.

*हिरडा:* 20 ग्रॅम हिरडा पूड कोमट पाण्यात कालवून गाळा, सूत रात्रभर भिजवा. पिळा, पण धुऊ नका.

*तुरटी:* 15 ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवा. त्यात धुण्याचा सोडा अगदी चिमूटभर टाका, फेस येईल तो बसू द्या. सूत पुन्हा रात्रभर. मग एकदा हलके धुवा.

*रंग:* 50 ते 75 ग्रॅम सुकी फोलपटे 45 मिनिटे उकळून गाळा. कोमट झाल्यावर ओले सूत सोडा, मंद आचेवर तासभर ठेवा, त्याच पाण्यात गार होऊ द्या. सावलीत वाळवा आणि दोन दिवसांनी धुवा. उरलेल्या पाण्यात दुसरी लडी फिकी रंगते.

*हिरवा हवा असेल तर:* दुसऱ्या भांड्यात 1 ग्रॅम हिराकस, सूत 5 मिनिटे, लगेच धुवा.

*जपून:* तुरटी, हिराकस मुलांच्या हाती लागू देऊ नका. खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला.

---

रंगाऱ्यांची विद्या

सुताला आधी रंगबंधक, मग रंग, ही युक्ती आपल्याकडे किती जुनी आहे? मोहेंजोदडोच्या उत्खननात एका चांदीच्या भांड्याला सुती कापडाचा तुकडा चिकटलेला सापडला. धातूच्या क्षारांमुळे तो कुजला नव्हता. 1920 च्या दशकात त्याची तपासणी मुंबईत माटुंग्याच्या कापूस प्रयोगशाळेत ए. एन. गुलाटी आणि ए. जे. टर्नर यांनी केली. कापड कापसाचे निघाले आणि त्यावरचा रंग मंजिष्ठेच्या जातीचा. मंजिष्ठा हळदीसारखी आपली आपण सुतावर बसत नाही, तिला तुरटीसारखा मध्यस्थ लागतो. म्हणजे चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सिंधूकाठच्या कोणा रंगाऱ्याला ही सोयरीक ठाऊक असणार.

वऱ्हाडात लाल रंगासाठी आल वापरत. हे बारतोंडीच्या कुळातले झुडूप, रंग त्याच्या मुळांत. रंगारी, भावसार, निराळी ही नावे त्याच धंद्यातली. निराळी म्हणजे निळीचे काम करणारे. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 च्या मध्य प्रांतातील जातींवरच्या ग्रंथात या सगळ्यांची माहिती एकत्र येते. तोपर्यंत त्यांच्या पायाखालची जमीन सरकलेली होती. 1856 मध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज पोराने क्विनाइन करायच्या खटपटीत चुकून जांभळा कृत्रिम रंग बनवला. 1868 मध्ये मंजिष्ठेतला लाल रंग जर्मनीत प्रयोगशाळेत तयार झाला, आणि 1897 मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. डबा उघडा, पाण्यात टाका, झाले. आलीची मुळे जमिनीतून खणायची गरज संपली. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात, ज्याचे उद्घाटन गांधीजींनी 1938 मध्ये केले, खादी वनस्पतींच्या रंगांत रंगवण्याचे काम आजही चालते. तिथल्या कापडाच्या घड्या पाहिल्या तर कळते की हे रंग भडक नसतात, पण एकमेकांशी कधी भांडतही नाहीत.

निळा स्वयंपाकघरात नाही

इतके डबे उघडले, पण खराखुरा निळा कुठे सापडला नाही. गोकर्णाची फुले निळी, पण तो निळा जांभळ्या कोबीच्याच जातीचा, लिंबाने पळणारा. पांढऱ्या कपड्यांना द्यायची पुडीतली नीळ ही नीळ नव्हेच. ते अल्ट्रामरीन, एक खनिजी भुकटी, जी कापडावर वरवर बसून पिवळटपणा झाकते.

खरी नीळ झुडपाच्या पानांतून येते आणि तिचा न्यायच वेगळा. तिला मध्यस्थ लागत नाही, पण ती पाण्यातही विरघळत नाही. म्हणून चुना आणि गूळ घातलेल्या माठात तिला हवेपासून दूर ठेवून आंबवतात. तिथे तिच्यातला निळेपणा जातो आणि ती पिवळट-हिरवी होऊन विरघळते. सूत त्यात बुडवून बाहेर काढले की आधी हिरवे दिसते. हवा लागते तसे कडेकडेने निळे होत जाते आणि दहा मिनिटांत पूर्ण निळे. धाग्याच्या आत शिरली विरघळलेली नीळ, हवेने केली न विरघळणारी, झाले कपाट. यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत डेनिम तयार होते, तिथे सुताच्या दोरखंडांवर हीच क्रिया होते, फक्त नीळ कारखान्यातली.

मी थोडी नीळ बाहेरून मागवली आणि हिरव्यासाठी जुनी युक्ती केली, निळीतून काढलेली लडी हळदीत बुडवली. आपल्या जुन्या छापील आणि रंगवलेल्या सुती कापडांवर हिरवा असाच निळ्यावर पिवळा चढवून करत. संग्रहालयांत ठेवलेल्या त्या कापडांवर कित्येक ठिकाणी झाडांची पाने आज निळी दिसतात. चित्रकाराने ती हिरवीच रंगवली होती. वरचा पिवळा उजेडाने नेला आणि खालचा निळा राहिला. माझ्या लडीचा दुसरा टेबलमॅट झाला, कडेने पानांची वेल असलेला. तो वर्षभर जेवणाच्या टेबलावर आहे. खिडकीकडची तीन पाने निळी झाली आहेत, आणि मसाल्याचा ट्रे असतो त्याखालची अजून हिरवी आहेत.